'बनगरवाडी' वर्गात शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात?

जून महिन्यात कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बसलं की व्यंकटेश माडगूळकरांच्या या कादंबरीबद्दल कुणी ना कुणी पालक हा प्रश्न विचारतोच. गेल्या वर्षी जत तालुक्यातून एक गृहस्थ आले होते. मुलीला बारावीला चांगले मार्क होते आणि तिला मराठी हाच मुख्य विषय घ्यायचा होता. त्यांनी अभ्यासक्रमाचा कागद हातात घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सर, हे 'बनगरवाडी' मी आठवीत वाचलंय. दोन दिवसांत संपलं होतं. त्याला कॉलेजात तीस तास कशाला लागतात?"

बोलण्यात खोच नव्हती. माणूस मनापासून विचारत होता. मागं रांग खोळंबली होती, मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि ते त्यांना पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं. तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता सावकाश देतो.

आधी तीस तासांचा हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक विषयाला श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे शिकवण्याच्या वेळेचं माप. वर्गात पंधरा तास शिकवलं की एक श्रेयांक. दोन श्रेयांकांची विषयपत्रिका असेल तर तीस तास, चारची असेल तर साठ. एवढ्या वेळात एकच कादंबरी, आणि तीही अगदी लहानशी.

'अभिजात' हा शब्द दोन ठिकाणी, दोन अर्थांनी

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याबरोबर थोडा घोटाळाही झाला. भाषेला अभिजात म्हणताना ती किती जुनी, तिच्यात प्राचीन वाङ्मय किती, हे बघतात. त्यासाठी 'गाथासप्तशती' या प्राचीन प्राकृत काव्यसंग्रहापर्यंत मागं जावं लागतं. कादंबरीला अभिजात म्हणताना वय बघत नाहीत. 'बनगरवाडी' १९५५ ची आहे, म्हणजे सत्तरीची. आपल्या वाड्यावस्त्यांवर तिच्याहून वयानं मोठी माणसं काठी टेकत चालताना दिसतात.

मग तिला अभिजात का म्हणायचं? एका पिढीनं वाचून संपवल्यावर दुसऱ्या पिढीला तिच्यात नवा प्रश्न सापडतो म्हणून. एवढंच कारण. कुठलं पुस्तक नेमायचं ते विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवतं, म्हणजे त्या विषयाच्या प्राध्यापकांची समिती. ही यादी काही वर्षांनी बदलते आणि ती बदलायलाच हवी असं माझं मत आहे. पुस्तक यादीतून गेलं म्हणून ते हलकं ठरत नाही.

राहिला 'आधुनिक' हा शब्द. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची. विधवांचे हाल लोकांपुढं मांडायचे आणि सुधारणा सुचवायची, हा तिचा उघड हेतू होता. आपण ज्याला आधुनिक कादंबरी म्हणतो तिच्यात लेखक असा पुढं येऊन सांगत नाही. साधी माणसं, त्यांचं रोजचं जगणं, ते बघणारी एक नजर, आणि शेवटी सगळ्याची नीट गाठ बसेलच याची खात्री नाही.

मिरजेचा तंबोरा

'बनगरवाडी'ची गोष्ट चार ओळींत सांगता येते. माणदेशातली धनगरांची एक वाडी. एक तरुण मास्तर तिथल्या शाळेवर येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. हळूहळू गावाचा विश्वास बसतो, मास्तर तिथला होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, औंधचा राजा तिथं येतो. मग दुष्काळ पडतो, गाव उठून जातं, शेवटी मास्तरही निघतो.

जतच्या त्या गृहस्थांनी हीच गोष्ट वाचली होती आणि ती त्यांना पूर्ण कळली होती. त्यात शिकवण्यासारखं काही नाही. वर्गात शिकवायचं असतं ते वेगळं.

मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत कधी गेलात तर घोडीकडं नीट बघा. भोपळ्यावर जी पट्टी असते आणि जिच्यावरून तारा जातात ती घोडी. प्रत्येक तारेखाली, घोडीवर, एक बारीक सुती दोरा सरकवलेला असतो. कारागीर तार छेडतो, दोरा केसभर पुढं घेतो, पुन्हा छेडतो, पुन्हा केसभर मागं. एका जागी आल्यावर तार घुमायला लागते आणि आवाज खोलीभर पसरतो. त्याला जवारी लागली म्हणतात. दोरा काढून घेतला तरी तार तीच, भोपळा तोच, सूरही तोच. पण आवाज ठक्क वाजून विरतो.

गोष्ट म्हणजे तार, आणि ती कशी सांगितली आहे तो हा दोरा. ऐकणाऱ्याला घुमारा ऐकू येतो, दोरा दिसत नाही. साहित्याच्या वर्गात आम्ही दोरा शोधतो, थोडा सरकवून बघतो आणि आवाजात काय फरक पडला ते ऐकतो.

सांगणारा कोण?

कादंबरीतल्या सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, लेखकानं गोष्ट सांगण्यासाठी नेमलेला माणूस. 'बनगरवाडी'त स्वतः मास्तरच 'मी' म्हणून सांगतो.

याचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. म्हणून मी फळ्यावर तीन वाक्यं लिहितो. ती माझी आहेत, कादंबरीतली नव्हेत.

मी शाळेचं दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

मास्तरनं शाळेचं दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

मास्तर शाळेचं दार उघडताना पोरांनी माळावरून बघितलं.

पहिल्या वाक्यात 'कुणीच नव्हतं' हे आपल्याला मास्तरबरोबर, त्याच क्षणी कळतं, आणि त्याची निराशा न सांगता पोचते. दुसऱ्यात तेच शब्द आहेत, पण कुणीतरी लांबून नोंद केल्यासारखे. तिसऱ्यात तर शाळा ओसच नाही. पोरं आहेत. ती मेंढरांजवळ उभी राहून या नव्या माणसाकडं बघतायत. घटना एकच, पण 'शाळेत कुणी नव्हतं' हे फक्त दारात उभ्या असलेल्या माणसासाठी खरं.

हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते एका विद्यार्थ्यामुळं. आटपाडीकडचा मुलगा, धनगराच्या घरचा, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. मी शेवटचा भाग शिकवत होतो. गाव उठून जातं, हे सगळ्या वाडीचं उन्मळणं आहे वगैरे मी रंगून सांगत होतो. त्यानं हात वर केला.

"सर, आमच्यात दरसालच जात्यात की. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन भाईर पडायचं, पावसाळ्याच्या तोंडाला माघारी. जाणं म्हंजी काय एवढं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बारा वर्षं मी हा भाग शिकवत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण माझ्या घरातलं कुणी मेंढरांमागं गेलेलं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, आपण सगळे मिळून बघू. मग राहिलेला तास आणि पुढचे दोन तास आम्ही शेवटची पानं ओळीओळीनं वाचली. हे जाणं दरसालच्या जाण्यापेक्षा वेगळं आहे हे कुठल्या शब्दांवरून कळतं? दुष्काळ आहे, मेंढरं मरतायत, हे तर आहेच. पण एका मुलीच्या ध्यानात आलं की आपण सगळा वेळ मागं राहिलेल्या माणसाजवळ उभे आहोत. जे गेले त्यांच्याबरोबर आपण चार पावलंसुद्धा जात नाही. ते कुठं पोचले, त्यांना चारा मिळाला का, पुस्तक सांगत नाही, कारण मास्तर सांगू शकत नाही. त्याची नोकरी जागेला बांधलेली आहे. मेंढपाळाचं पोट पायांवर चालतं, मास्तरचं पोट शाळेच्या चार भिंतींत. म्हणून जाणाऱ्याला जो प्रवास वाटू शकतो, तेच मास्तरला गाव ओस पडणं वाटतं.

तीस तासांतले तीन तास इथं गेले. मला ते वाया गेले असं वाटत नाही. सगळ्या सत्रात तेवढंच झालं असतं तरी चाललं असतं.

राजा खराच होता, त्याचं काय?

बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना तालमीपाशी येणारा राजा परीकथेतला वाटतो. आपल्याकडच्यांना वाटू नये, पण आता त्यांनाही वाटतो. कथानक घडतं तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. आटपाडीचा मुलूख औंध संस्थानात होता. संस्थान विलीन झाल्यावर तो साताऱ्यात आला, १९४९ ला दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी राज्यकारभार प्रजेकडं सोपवणारी घटना दिली. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, जिथं कैद्यांना उघड्यावर, बिनभिंतींचं ठेवलं, ते त्याच काळातलं. हे माहीत झालं की धनगरांच्या वाडीत तालीम उभी राहणं आणि तिथं राजा येणं ही सजावट राहत नाही. व्यायामाचं वेड असलेला राजा आणि स्वतःच्या हातांनी काहीतरी उभं करणारी प्रजा, हा त्या मुलखाचा खराखुरा काळ होता.

पण इथं मुलांची एक चूक व्हायला लागते. ती कादंबरीला पुराव्याचा कागद समजतात. 'वाडी नेमकी कुठली?' 'कारभारी, म्हणजे कादंबरीतल्या वाडीचा प्रमुख, खरा कोण?' शोधायला हरकत नाही, पण ते सापडलं म्हणून पुस्तक कळलं असं होत नाही. इतिहास माहीत असावा तो वाक्य नीट ऐकू यावं एवढ्यासाठी.

'न्हाई' आणि 'नाही'

पालकांचा, आणि काही शिक्षकांचाही, आणखी एक आक्षेप असतो. गावंढळ भाषा अभ्यासक्रमात आणून मुलांची मराठी बिघडवायची का?

पुस्तक उघडून बघा. मास्तर गोष्ट सांगतो ती पुस्तकी मराठीत, जिला आपण प्रमाणभाषा म्हणतो. माणसं बोलतात ती माणदेशी. पानापानावर दोन मराठी शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मास्तर त्या वाडीत किती आतला आणि किती बाहेरचा हे मोजता येतं. संवाद प्रमाणभाषेत लिहून बघा, माणसं लगेच एका साच्यातली वाटायला लागतात.

आमच्या वर्गात जत, कवठेमहांकाळ, खानापूर भागातून येणारी मुलं पहिलं वर्षभर तोंड उघडत नाहीत. चुकीचं बोललो तर सांगली-मिरजेची मुलं हसतील ही भीती. या कादंबरीचं प्रकट वाचन सुरू झालं की संवाद कुणी वाचायचे असा प्रश्न येतो, आणि शहरातल्या मुलांची जीभ अडखळते. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी पुढं येऊन वाचतो आणि वर्ग कान टवकारून ऐकतो. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला भरून येतं.

धनगरांची गोष्ट धनगरानं कुठं सांगितली आहे?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढं जाणं मला पटत नाही. माडगूळकर माडगुळ्याचे, त्याच मातीतले, पण धनगर नव्हते. शिकलेल्या, पगारी, बाहेरून आलेल्या मास्तरच्या डोळ्यांनी आपण मेंढपाळांचं जग बघतो. बायका तर आणखीच लांब राहतात.

त्यातलाच एक प्रसंग. एका गड्याकडं एकच बैल आहे आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जोत ओढते. हा प्रसंग वाचल्यावर वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मी मुलांना सांगतो, निवेदकाच्या हळहळीचे शब्द शोधून पेन्सिलनं खुणा करा. पेन्सिली बराच वेळ कागदावर टेकत नाहीत. कष्ट बघून लेखक उसासे टाकत नाही, समोर ठेवतो. हे त्याचं मोठेपण. पण लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: त्या बाईला काय वाटलं, ते आपल्याला कोण सांगतं?

पुस्तकात ही उणीव आहे म्हणून ते काढून टाकावं, असं काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. त्याच्या शेजारी दुसरं पुस्तक ठेवावं. आपल्याकडं ते लांब शोधावं लागत नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ ची, म्हणजे 'बनगरवाडी'नंतर चारच वर्षांची, आणि तिच्यातलं खेडं मांगवाड्यातून दिसतं. आटपाडीचे शंकरराव खरात यांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र आहे. माडगूळकर आणि खरात एकाच तालुक्यातले, एकाच संस्थानात वाढलेले. १९८३ ला अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते आणि पुढच्याच वर्षी जळगावला खरात. एक कुलकर्ण्याच्या घरातला, एक तराळकी, म्हणजे गावाची पडेल ती कामं, करणाऱ्या महाराच्या घरातला. दोघांच्या पुस्तकांतली पानं एका तासाला शेजारी ठेवली की एकाच मुलखाची किती वेगवेगळी गावं होती ते मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सिनेमा आहे, गाइड आहे, आता मोबाइलही आहे

अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये 'बनगरवाडी'वर चित्रपट केला. मुलांनी तो जरूर बघावा, पण पुस्तकाऐवजी नको. पडद्यावर कॅमेरा मास्तरलाही बाहेरून दाखवतो. पुस्तकात आपण मास्तरच्या आत असतो. वर सांगितलेला दोरा तिथं वेगळ्या जागी लागलेला आहे.

गाइडचं दुखणं जुनं. मोबाइलचं नवं. गेल्या सत्रात तीन मुलांच्या उत्तरात शब्दन् शब्द सारखं एक वाक्य आलं: मास्तर हा परिवर्तनाचा दूत आहे. मी तिघांना बोलावून एवढंच विचारलं, हे कुठल्या पानावरून वाटलं? तिघांनीही मान खाली घातली. मी रागावलो नाही, कारण दोष त्यांच्या एकट्यांचा नव्हता. 'कारभाऱ्याचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न आपण वर्षानुवर्षं विचारत असू, तर त्याचं उत्तर आयतं मिळणारच. मार्क त्यालाच मिळतात. माझं ठाम मत आहे की परीक्षेत न शिकवलेला उतारा द्यावा आणि विचारावं: इथं कोण सांगतंय, त्याला काय दिसत नाही, तुम्ही कशावरून म्हणता? सोबत पुस्तक उघडून बसायला परवानगी द्यावी. मग वाचल्याशिवाय सुटका नाही.

वाचायचं कसं, हे मी माझ्या प्रतीवरून दाखवतो. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. खालच्या फडताळातलं हे पुस्तक चार दिवस पाण्यात होतं. वाळवल्यावर ते फुगलं, काही पानं एकमेकांना चिकटली. ती सोडवताना घाई केली तर कागदाचा पापुद्रा निघून अक्षरं जातात. म्हणून नख घालून, फुंकर मारत, एका वेळी बोटभर सोडवावं लागलं. त्या पावसाळ्यात मी ही कादंबरी जितकी सावकाश वाचली तितकी कधीच वाचली नव्हती. वर्गात ती प्रत हातोहात फिरवतो.

पोटाला काय?

इथं मी खोटी आशा दाखवणार नाही. 'बनगरवाडी' शिकली म्हणून कुणाला नोकरी लागत नाही. मराठी घेऊन मुलं स्पर्धा परीक्षा देतात, शिक्षक होतात, वर्तमानपत्रात जातात, काही शेती-धंद्याला लागतात.

पण एक सांगतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी महसूल खात्यात आहे. पुराच्या पंचनाम्याला गेली की नुकसान कोण सांगतंय ते ती आधी लिहिते: मालक, कूळ, का घरातली बाई. ज्यानं सांगितलं नाही त्याचंही काही गेलंय का, हे विचारते. ही सवय वर्गात लागली असं ती म्हणाली. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

आजीचा प्रश्न

तो आटपाडीचा मुलगा त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी फुगलेली प्रत घरी घेऊन गेला. आजीला वाचता येत नाही, पण तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. संध्याकाळी ती भाकरी थापत असताना तो तिला वाचून दाखवायचा. आठ दिवसांत पुस्तक झालं. मधेमधे ती त्याला थांबवून दुरुस्त्या सांगायची, हे असं नसतंय, ते तसं नसतंय. शेवट ऐकून झाल्यावर ती तव्याकडं बघत थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली,

"मास्तरचं कळलं. पर जी माणसं फुडं गेली, त्यास्नी वाटंत कुनी पानी दिलं का न्हाई, त्ये कुठल्या बुकात हाय?"

सुट्टी संपल्यावर त्यानं पुस्तक परत दिलं आणि हा प्रश्न सांगितला. मी तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. मुलांनी वह्या काढल्या आणि वाडी सोडून निघालेल्या एखाद्या बाईच्या तोंडून, 'मी' म्हणून, एक पान लिहायला घेतलं.